ओव्हन नसला तरी चीज-बटाटा घरी होतो. पण चीज घेताना पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा

धाराशिव : मोबाईलवर रोज एक तरी असला व्हिडिओ येतोच. काचेच्या भांड्यात बटाट्याचे काप, वरून पांढरी दाट धार, त्यावर किसलेलं चीज, आणि ओव्हनमधून बाहेर काढलं की चमच्याबरोबर हातभर तार. घरातली पोरं मागं लागतात, आई हे कर की. आई म्हणते, आपल्याकडं ओव्हन कुठंय? विषय तिथंच संपतो. नाहीतर तालुक्याच्या गावाला गेल्यावर कुठल्यातरी गाड्यावर चीज टाकलेलं काहीतरी खाऊन पोरं समाधान मानतात.

खरं बघितलं तर या पदार्थात आहे काय? दूध, बटाटा, चीज, मीठ, मिरी. त्यातलं दूध तर आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहे. भूम, परंडा, वाशी या भागात शेतीच्या बरोबरीनं दुधावर घर चालतं. खव्याच्या भट्ट्या इथल्याच, कुंथलगिरीचा खवा राज्यभर माहीत आहे आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. दुधाच्या जिल्ह्यात दुधाचा पदार्थ ओव्हनवाचून अडावा, हे काही पटत नाही. ओव्हनची सोय कढईत होते, ती कशी ते पुढं दिलं आहे. खरी अडचण वेगळीच आहे. चीज म्हणून आपण जे विकत आणतो ते दुधाचं असतंच असं नाही.

पदार्थ मूळचा कुठला

बटाटा आपला नाही. तो दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणला आणि त्यांचा शब्दही आपल्या तोंडी राहिला, म्हणून उत्तरेत आलू आणि आपल्याकडं बटाटा. काप दुधात-सायीत शिजवून भट्टीत भाजायची पद्धत फ्रान्समधली, आल्प्स डोंगराच्या बाजूच्या दोफिने नावाच्या भागातली. तोही गुरं-ढोरं पाळणारा मुलूख. गंमत म्हणजे तिकडच्या जुन्या पद्धतीत चीज नसतंच, नुसतं दूध, साय, लसूण. चीज नंतर शिरलं. म्हणजे एखाद्याला चीज परवडत नसेल तर नुसत्या सायीवर केलेला पदार्थ काही अर्धवट होत नाही, उलट तोच जुना म्हणायचा.

आपल्या राज्यात पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याचं सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच तालुक्यातल्या मंचरला पराग मिल्क फूड्सचा चीजचा कारखाना आहे, 'गो' नावाचं चीज त्यांचंच. बटाटा आणि चीज एकाच तालुक्यात. आपल्याकडं मात्र दूध डेअरीला जातं आणि चीज पाकिटातून परत येतं.

चीज कोणतं घ्यायचं

एक किलो चीजला साधारण दहा लिटर गायीचं दूध लागतं. डेअरीवर लिटरला काय भाव मिळतो हे दूध घालणाऱ्याला सांगायची गरज नाही. त्या भावाला दहानं गुणा, वर कारखान्याचा खर्च, पॅकिंग, गाडीभाडं, दुकानदाराचा नफा धरा. मग कुणी चीज त्याच्याही खालच्या भावात विकत असेल तर ते दुधाचं कसं असेल? हा हिशेब दूधवाल्याइतका पटकन दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

स्वस्तातल्या मालाला 'चीज ॲनालॉग' म्हणतात. त्यात दुधाचं लोणी काढून पामतेल किंवा दुसरं वनस्पती तेल घातलेलं असतं, स्टार्च असतो, बांधून ठेवणारी द्रव्यं असतात. तो वितळतो, दिसतोही पिवळा-पांढरा. असा माल बनवणं किंवा विकणं हा काही गुन्हा नाही. पण दुधातली चरबी काढून दुसरं तेल घातलेल्या मालाला नुसतं चीज किंवा पनीर म्हणून विकता येत नाही, असा अन्नसुरक्षा कायद्याचा नियम आहे. पाकिटावर ते लिहावं लागतं. पाकिटावर लिहितातही. पण गाडीवर, ढाब्यावर, लग्नाच्या जेवणात पाकीट कोण बघतो? मार्च २०२५ मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी बनावट पनीरचा प्रश्न विधानसभेत मांडला, तेव्हा त्यावर राज्यभर चर्चा झाली. पनीरचं जे, तेच चीजचं.

यात शेतकऱ्याचं दुहेरी नुकसान आहे. २०२४ साली गायीच्या दुधाचे भाव इतके पडले की सरकारला लिटरमागं आधी ५ रुपये आणि पुढं ७ रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. एकीकडं दुधाला गिऱ्हाईक नाही म्हणायचं आणि दुसरीकडं त्याच दुधाची जागा पामतेलानं घ्यायची. आणि त्याच शेतकऱ्याचं पोरगं दहा-वीस रुपये जास्त देऊन 'एक्स्ट्रा चीज' म्हणून पामतेल खातंय.

म्हणून दुकानात पाकीट हातात घेतल्यावर पुढची बाजू बघायची नाही, मागची बघायची. घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त आहे ते सगळ्यात आधी लिहावं लागतं. पहिलं नाव 'चीज' किंवा 'दूध' असेल तर ठीक. 'एडिबल व्हेजिटेबल ऑइल', 'पाम ऑइल', 'व्हेजिटेबल फॅट' असले शब्द दिसले की ते ठेवून द्या. अक्षर बारीक असतं, इंग्रजीत असतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं फोटो काढून मोठा करून बघा, भाषांतर करणारं ॲप असेल तर तेही चालतं. 'प्रोसेस्ड चीज' या शब्दाला घाबरायचं कारण नाही. ते दुधाच्याच चीजपासून केलेलं असतं, पुन्हा वितळवून साच्यात घातलेलं. आपल्याकडं चौकोनी वडी किंवा स्लाइस मिळते ती बहुतेक हीच. तार मात्र मोझरेलाला सुटते. निम्मं प्रोसेस्ड चवीला आणि निम्मं मोझरेला तारेला, असं केलं तर उत्तम. २२ सप्टेंबर २०२५ पासून चीजवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या छापील भावात कुणी देत असेल तर तारीख बघून विचारा.

माळकरी आणि जैन घरांत एक शंका हमखास निघते. चीजचं दूध फाडायला परदेशात वासराच्या पोटातलं द्रव्य वापरायची जुनी रीत आहे, मग इथलं चालतं का? आपल्याकडं पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर ते द्रव्य जनावराचं नसतं, सूक्ष्मजीवांपासून केलेलं असतं. ठिपका बघून घ्यावं.

घरच्या दुधाचं चीज

हे जमतं. पण पनीर करतो तसं नाही. उकळत्या दुधात लिंबू पिळून केलेलं पनीर कितीही भाजा, वितळत नाही. कारण उकळल्यामुळं दुधातली वेगवेगळी प्रथिनं एकमेकांना घट्ट चिकटून बसतात आणि आंबटही जास्त पडतं. वितळणारं चीज हवं तर दूध न उकळता कमी उष्णतेवर फाडावं लागतं.

इथंच एक धोका आहे. न उकळलेल्या दुधातून ब्रुसेला नावाचा रोग माणसाला होतो. गाय-म्हैस गाभडते त्यामागं पुष्कळदा हाच रोग असतो. माणसाला महिनोन् महिने ताप येतो, सांधे धरतात. म्हणून गाभडलेल्या जनावराचं दूध या कामाला घेऊच नये, आणि बाकीचं दूधही आधी ६३ अंशांवर पुरता अर्धा तास ठेवावं. एवढ्यानं जंतू मरतात, पण दूध उकळत नसल्यानं चीज जमतं. त्यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर हवा. तो नसेल तर सरळ विकतचं चीज आणा, अंदाजानं करू नका.

दोन लिटर म्हशीचं ताजं दूध असं ६३ अंशांवर अर्धा तास ठेवून ४५ अंशांपर्यंत निवू द्यायचं. गॅस बंद. प्रत्येक लिटरला साधारण दोन मोठे चमचे पांढरा व्हिनेगर थोडा थोडा घालत हळूहळू ढवळायचं. गोळे धरायला लागतात, हिरवट पाणी सुटतं. पाणी सुटलं नाही तर अजून अर्धा चमचा. गोळा हातानं दाबून एकत्र करायचा. तेच निवळीचं पाणी ८० अंशांच्या आसपास तापवायचं, त्यात गोळा झाऱ्यावर धरून बुडवायचा, काढायचा, कणकेसारखा दुमडून ओढायचा. असं तीन-चारदा केलं की तो चकचकीत होतो आणि ताणला तरी तुटत नाही. हाताला चटका बसतो, लाकडी चमचे घ्या. शेवटी मीठ घातलेल्या गार पाण्यात टाकून ठेवायचा. पहिल्या खेपेला बिघडण्याची शक्यता जास्त. बिघडलं तर मीठ-जिरं घालून भाकरीबरोबर खाता येतं, वाया काही जात नाही. उरलेल्या निवळीत कणीक मळावी.

बटाटा निवडताना

या पदार्थाला फार जुना, भुसभुशीत बटाटा नको, दुधात शिजताना त्याचा लगदा होतो. मध्यम आकाराचा, घट्ट, पातळ सालीचा बघा. शीतगृहातून नुकताच आलेला बटाटा गोडसर लागतो आणि भाजल्यावर लवकर काळपट पडतो. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते म्हणून. असा बटाटा आठवडाभर घरात अंधाऱ्या, हवेशीर जागी पसरून ठेवला तर गोडी बरीच उतरते.

उजेडात राहून हिरवा पडलेला बटाटा हा चेष्टेचा विषय नाही. त्यात सोलानीन तयार होतं आणि ते उकळून किंवा भाजून जात नाही. थोडा हिरवा असेल तर तो भाग जाड कापून टाका, डोळे कोरून काढा. सगळाच हिरवा असेल तर फेका, आणि जनावरापुढंही टाकू नका. आपल्याकडं कांदा आणि बटाटा एकाच टोपलीत ठेवायची सवय आहे, त्यानं दोन्ही लवकर खराब होतात.

आता कृती

चार-पाच माणसांना तोंडी लावायला अर्धा किलो बटाटे, दीड वाटी तापवून गार केलेलं दूध, अर्धी वाटी साय, शंभर ग्रॅम चीज, पाच-सहा लसूण पाकळ्या, मिरपूड आणि मीठ एवढं लागतं. व्हिडिओत 'फ्रेश क्रीम' सांगतात, ते शोधत बसू नका. घरची ताजी साय चमच्यानं फेटली की तेच काम होतं. फक्त साय दोन-तीन दिवसांची आंबूस नको, दूध फाटेल. मैद्याचा पांढरा रस्सा करायची पद्धतही पुष्कळ ठिकाणी दाखवतात. आपल्याकडं त्याला चांगला पर्याय आहे. दोन मोठे चमचे बिनसाखरेचा खवा कोमट दुधात कुस्करून विरघळवा. दूध दाट होतं, मैद्याचा कच्चा वासही राहत नाही. खव्याला मूळची थोडी गोडी असते, म्हणून मिरी आणि हिरवी मिरची हात सोडून घाला.

बटाटे सोलून जुन्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जाडीचे काप करायचे. सगळे एकसारखे, नाहीतर काही विरघळतात आणि काही कच्चे राहतात. किसणीला काप काढायची बाजू असते ती वापरा. एक गोष्ट लक्षात ठेवा, काप केल्यावर धुवायचे नाहीत. चिवडा-वेफर्सला आपण धुतो, पण इथं बटाट्याचा चिकटपणाच दुधाला दाट करतो. आधी बटाटे धुवा, मग कापा.

पातेल्यात दूध, साय, खवा, ठेचलेला लसूण, मिरपूड आणि मीठ एकत्र करून मंद आचेवर गरम करा. मीठ हात आखडून, कारण चीज खारट असतं. त्यात काप सोडून आठ-दहा मिनिटं मंद शिजवा, खाली लागू देऊ नका. सुरी टोचली तर आत जावी पण काप मोडू नये, एवढंच. टोमॅटो, लिंबू, दही यातलं काही घालायचं नाही, दूध फाटतं.

स्टीलचा पसरट डबा किंवा जर्मनचं भांडं घ्या. लसणाची पाकळी आणि लोणी आतून चोळा. निम्मे काप पसरा, वर थोडं चीज, मग उरलेले काप, उरलेलं दूध, आणि राहिलेलं सगळं चीज वर. भांडं काठापर्यंत भरू नका, उकळून बाहेर येतं.

कढईचा ओव्हन

जाड बुडाची जुनी मोठी कढई घ्या. चांगली घेऊ नका, काळी पडते. तळाला बोटभर जाड मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू पसरा, त्यावर लोखंडी कडं ठेवा. घट्ट झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग भांडं कड्यावर ठेवून झाकण लावा आणि मध्यमपेक्षा कमी आचेवर पंचवीस ते तीस मिनिटं ठेवा. सारखं उघडून बघायचं नाही, दर वेळी उष्णता निघून जाते. कडेनं दूध आटून बुडबुडे यायला लागले आणि सुरी आरपार गेली की शिजलं.

काही जण कुकरची शिट्टी आणि रबर काढून त्यात भाजायला सांगतात. कोरडा कुकर इतका वेळ तापवणं बरं नाही. बूड वाकतं, सेफ्टी व्हॉल्व्ह खराब होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कुकरमध्ये डाळ लावायची असते. कढईत जे होतं त्यासाठी कुकरची जोखीम कशाला?

कढईत एक उणीव राहते. उष्णता खालून येते, त्यामुळं चीज वितळतं पण वरून तांबूस होत नाही. त्याला उपाय तव्याचा. लोखंडी तवा काजळी पुसून दुसऱ्या शेगडीवर धूर येईपर्यंत तापवा, कढईचं झाकण काढा आणि सांडशीनं धरून तापलेली बाजू खाली येईल असा कढईच्या तोंडावर ठेवा. चार-पाच मिनिटांत चीजवर तांबूस ठिपके येतात. पोरांना तेवढा वेळ लांब ठेवा.

चूल असेल तर याहून सोपं. चुलीतला जाळ ओढून घ्यायचा, थोड्या निखाऱ्यावर भांडं, वर पत्र्याचं घट्ट झाकण, आणि त्या झाकणावर निखारे. खाली कमी, वर जास्त. हुरड्याच्या आगटीत बटाटा भाजणाऱ्या माणसाला आच किती ठेवायची हे शिकवावं लागत नाही. गोवरीचा निखारा मंद आणि जास्त वेळ टिकतो, बाभळीचा कडक असतो, तो लवकर करपवतो. निखाऱ्याचं काम बंद खोलीत करू नका, त्याचा वायू जीवघेणा असतो. ज्यांच्याकडं ओव्हन आहे त्यांनी १८० ते २०० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं ठेवावं. साध्या मायक्रोवेव्हमध्ये चीज वितळेल, तांबूस होणार नाही.

काढल्यावर लगेच हात घालू नका. दहा मिनिटं बसू द्या. रस आळतो, काप एकावर एक धरतात, आणि जीभ भाजत नाही. ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर हे छान जातं, बरोबर शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी आणि कच्चा कांदा. मटणाचा रस्सा असेल त्या दिवशी बाजूला मऊ, बिनतिखट काहीतरी लागतंच, पोरांना आणि म्हाताऱ्यांना. साखर किंवा बीपी असलेल्यांनी दोन चमच्यांवर थांबावं, बटाटा आणि चीजचं मीठ दोन्ही त्यांना जड.

खर्चाचं सांगायचं तर दूध-साय घरची धरली तर पैसे चीजलाच जातात. ते वाचवायचं तर शंभरऐवजी चाळीस ग्रॅम चीज घ्या, तेही फक्त वर, आणि आतल्या थरात साय वाढवा. स्वस्तातलं पामतेलाचं शंभर ग्रॅम घालण्यापेक्षा खरं चाळीस ग्रॅम चवीला केव्हाही वरचढ.

बाहेर गाड्यावर किंवा हॉटेलात खाताना संशय आला तर कोणत्या कंपनीचं चीज आहे, पाकीट दाखवा, असं विचारायचा गिऱ्हाईकाला अधिकार आहे. तक्रार करायची तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, किंवा 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सरकारी ॲपवर करता येते. पाकिटाचा, पाटीवरच्या नावाचा आणि बिलाचा फोटो जोडावा. बिल नसलं तर पुढं काही होणं अवघड.

उरलं तर उघड्यावर ठेवू नका. दूध आणि बटाटा दोन्ही लवकर आंबतात, उन्हाळ्यात तर दोन तासांतच. फ्रीज असला तरी आपल्याकडच्या लाइटीचा भरवसा नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत संपवावं. सकाळी कुस्करून, कोथिंबीर-मिरची घालून कणकेत भरलं की पोरांच्या डब्याला पराठे होतात.